मृगाचा पाऊस आणि मृगाचे तारे

मराठीच्या वर्गात आकाश फार स्वस्त असते. कवितेच्या एका तासाला दोन चंद्रकोरी, एक शुक्राची चांदणी आणि ओंजळभर तारका सहज खर्ची पडतात आणि त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात गेली वीसेक वर्षे मराठी शिकवतो, म्हणजे हा खर्च रोज आमच्याच हातून होतो. फावल्या वेळात आम्ही दुर्बीण घेऊन माळावर जातो. या दोन उद्योगांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न सहकारी कधी कुतूहलाने, कधी कीव येऊन विचारतात. त्याला चहाच्या वेळात देता येईल असे उत्तर नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

दर वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही एक प्रश्न घालतो. मृग नक्षत्र म्हटले की काय आठवते? उत्तरे धडाधड येतात. पहिला पाऊस, पेरणी, ओल्या मातीवर चालणारा तांबडा मखमली किडा, आजीच्या तोंडचा 'मिरूग'. शेतकऱ्यांच्या घरातली मुले असल्यामुळे तारीखही अचूक सांगतात, ७ किंवा ८ जून. मग दुसरा प्रश्न येतो, की मृग नक्षत्र आकाशात कुठे असते आणि ते कधी पाहिले आहे काय? वर्ग गप्प होतो. एखादा धीट मुलगा म्हणतो, 'सर, पावसाळ्यात ढग असतात, दिसणार कसे?' उत्तर चुकीचे असले तरी विचार करणाऱ्याचे आहे. ढग नसते तरी जूनमध्ये मृग दिसला नसताच. दिनदर्शिकेत 'मृग नक्षत्र सुरू' असे छापलेले असते तेव्हा त्याचा अर्थ 'सूर्य मृग नक्षत्रात आला' असा असतो. सूर्य ज्या ताऱ्यांपुढे उभा आहे ते तारे त्याच्याबरोबरच उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात मृगाचे नाव घरोघरी निघते, नेमक्या त्याच पंधरवड्यात मृग आकाशातून पुरता लुप्त असतो. तो पाहायचा तर हुरड्याच्या दिवसांत, शाळू कंबरेला लागलेला असताना रात्री वर पाहावे. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधोमध ओळीने तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध. वर्गातल्या बहुतेक मुलांनी हे सारे पाहिलेले असते. यालाच मृग म्हणतात, एवढेच त्यांना ठाऊक नसते.

पावसाच्या सगळ्याच नक्षत्रांची ही गत आहे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. सूर्य हस्तात गेला की पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात. पण हस्ताचे पाच तारे, हाताच्या पाच बोटांसारखे, पाहायचे तर एप्रिल-मेच्या संध्याकाळी. भाषेने नक्षत्र जपले ते पाऊस म्हणून. तारे म्हणून ते जपले नाही.

याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांच्या पंगतीत आम्ही बसणार नाही. दिवसा तारे दिसत नाहीत, मग सूर्य अमुक नक्षत्रात आहे हे कोणाला कसे कळले? कोणीतरी पहाटे उठून, सूर्योदयाच्या आधी पूर्वेला कोणते तारे डोके वर काढतात ते वर्षानुवर्षे पाहिले असले पाहिजे. कृत्तिका पहाटे दिसू लागल्या की सूर्य त्यांच्या एकदोन घरे पुढे गेला, असा तो हिशेब. 'मिरगाचा पाऊस' या दोन शब्दांमागे अशा शेकडो पहाटांचे जागरण आहे. पुढे पंचांग आले, मग छापील पंचांग आले आणि पहाटे उठण्याची गरज संपली. यात आणखी एक गंमत आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो. दीड हजार वर्षांत हा फरक तीन आठवड्यांचा होतो. म्हणजे 'मृगाचा पाऊस' हा शब्दप्रयोगही सनातन नाही. काही शतकांनी पहिल्या पावसाला दुसऱ्याच नक्षत्राचे नाव घ्यावे लागेल. शब्दाचा अर्थ कालांतराने सरकतो असे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो. इथे तो सरकण्याचा वेग गणिताने सांगता येतो.

आता कवितेकडे वळू. कुसुमाग्रजांची 'पृथ्वीचे प्रेमगीत' आपल्यापैकी बहुतेकांनी शिकली आहे आणि पुष्कळांनी शिकवलीही आहे. वर्गात ती शिकवताना चेतनगुणोक्ती, उत्कट प्रेमाचे प्रतीक, समर्पण वगैरे मुद्दे फळ्यावर येतात. आमचे लक्ष अलीकडे दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. त्या कवितेतला ध्रुव उत्तरेला आणि ऋषींच्या सोबतीने आहे, शुक्र पहाटेचा आहे, मंगळ लाल आहे. यातले एकही स्थान मनचे नाही. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून दूर कधी जातच नाही, म्हणून तो पहाटे किंवा सांजवेळीच भेटतो. मध्यरात्री पृथ्वीच्या दारात उभा राहणारा शुक्र कवीने रंगवला असता तर प्रतीक चालले असते, आकाश चालले नसते. कवीने दोन्ही सांभाळले. ज्या संग्रहात ही कविता आहे त्या १९४२ च्या संग्रहाचे नाव 'विशाखा', तेही नक्षत्राचेच. तूळ राशीतले हे तारे उन्हाळ्यात रात्री सहज दिसतात. विद्यार्थ्यांना विचारले तर विशाखा हे मुलीचे नाव असते, फार तर पुस्तकाचे.

ध्रुवाचीही कथा अशीच. 'अढळ' या विशेषणामुळे तो डोक्यावर कुठेतरी उंच असेल अशी सर्वांची समजूत असते. वस्तुतः ध्रुव क्षितिजापासून तितकाच वर असतो जितका आपल्या गावाचा अक्षांश. पुण्याहून तो जेमतेम साडेअठरा अंशांवर दिसतो. हात लांब करून बोटे फाकली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण वीस अंश होतात, त्याहून थोडा खाली. समोर चार मजली इमारत असली की अढळपद संपले. गंमत अशी, की फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नवाच्या आगेमागे दक्षिणेकडे तोंड केले तर अगस्त्याचा तेजस्वी तारा आपल्या परमोच्च स्थानी असतो आणि पुण्याहून त्याची उंचीही जवळजवळ तेवढीच, पावणेएकोणीस अंश. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, दोघेही सारख्याच उंचीवर आणि मध्ये आपण. युरोपातल्या बहुतेक शहरांतून अगस्त्य दिसतच नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या आणि परत न आलेल्या ऋषीचे नाव या ताऱ्याला का मिळाले, हे हिवाळ्यात एकदा दक्षिणेचे क्षितिज पाहिले की टिपणाशिवाय कळते.

आमच्याकडे सहा इंची आरशाची एक साधी दुर्बीण आहे. तिच्यातून पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. शनी पाहून निम्मे लोक 'आत चित्र चिकटवलंय का?' असे विचारतात. हा संशय आम्हांला भक्तिभावापेक्षा अधिक आवडतो. २०२५ च्या नोव्हेंबरात मात्र वेगळाच पेच आला. शनीची कडी सुमारे पंधरा वर्षांतून एकदा पृथ्वीवरून अगदी कडेने दिसतात. त्या वर्षी मार्चमध्ये ती तशी झाली होती आणि नोव्हेंबरात पुन्हा जवळजवळ तशीच आली. मुले रांगेत उभी राहून डोळा लावत आणि निराश होऊन विचारत, 'कडी कुठे आहे?' पुस्तकात पाहिलेला शनी आणि समोरचा शनी जुळत नव्हता. त्यांना आम्ही सांगितले की १६१२ साली गॅलिलिओची हीच अवस्था झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने शनीच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती पाहिले होते आणि आता ते नाहीसे झाले होते. ती कडी आहे हे त्याला अखेरपर्यंत उमगले नाही. ते कोडे पुढे हायगेन्सने १६५० च्या दशकात सोडवले. मुलांपैकी दोघीतिघी त्यानंतर दर आठवड्याला यायच्या, केवळ कडी किती उघडली ते पाहायला. संहिता अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून पुन्हा वाचणे ही सवय आम्ही वर्गात किती वर्षे लावू पाहतो आहोत!

हौशी आकाशनिरीक्षणाचे मर्म आमच्या मते दुर्बिणीत नाहीच, ते नोंदवहीत आहे. २०१९ च्या डिसेंबरात मृगाच्या एका पायाचा तांबूस तारा, काक्षी (पंचांगातल्या आर्द्रेचा तारा तोच), मंद होऊ लागल्याच्या बातम्या आल्या. आम्ही गच्चीवर जाऊन साध्या डोळ्यांनी रोज तुलना सुरू केली. रीत अगदी सोपी. एक तारा ज्ञात तेजाचा घ्यायचा, दुसरा त्याहून मंद घ्यायचा आणि आपला तारा या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचे. एरवी काक्षी रोहिणीहून उजळ असतो. जानेवारीत तो रोहिणीच्या स्पष्ट खाली गेला. फेब्रुवारीत मृगाच्याच दुसऱ्या, एरवी कितीतरी फिकट असणाऱ्या पायाशी त्याची बरोबरी झाली. वहीत रोज एक ओळ, तारीख, वेळ, अंदाज. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितले की ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आपल्या दिशेला आडवी आली होती. तो प्रकाश आमच्या गच्चीवर पोचेपर्यंत काही शतके उलटली होती. एका ताऱ्याचा उतार आम्ही रोजच्या रोज डोळ्यांनी वाचला, याचा आनंद आमच्या प्रबंधांच्या मौखिक परीक्षांतही आम्हांला झाला नव्हता.

आणि अशा वह्या लिहिणाऱ्यांची आपल्याकडे परंपरा आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. अमेरिकेतल्या निरीक्षकमंडळाने त्यांना तिकडून दुर्बीण धाडली. आपल्या मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून 'भारतीय ज्योतिःशास्त्र' लिहिले, ते १८९६ साली प्रसिद्ध झाले. पुरावा मांडायचा, विरुद्ध मत पूर्ण ऐकून घ्यायचे, मग आपला निर्णय द्यायचा आणि तो जिथे डळमळीत तिथे तसे सांगायचे, हे मराठी गद्यात इतक्या निगुतीने केलेले फार थोडे ग्रंथ आहेत. तो इंग्रजीत यायला पुढे सात दशके जावी लागली. आमच्या एम.ए.च्या दोन वर्षांत या ग्रंथाचे नाव आमच्या वर्गात एकदाही निघाले नाही. निबंधमालेचा काळ आम्ही पाठ केला, पण त्याच शतकात, त्याच भाषेत एक शिक्षक आकाशाचा इतिहास लिहीत होता, हे आम्हांला माळावर भेटलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून कळले.

व्यंकटेश बापूजी केतकरांविषयी मात्र सावध बोलायला हवे. हे बागलकोटकडचे शाळामास्तर. १९११ साली फ्रान्सच्या खगोलमंडळाच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांविषयी भाकीत केले आणि त्यांतल्या एकाचा प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे सांगितला. १९३० साली सापडलेल्या प्लुटोचा काळ २४८ वर्षे आहे. त्यावरून 'प्लुटोचा खरा शोध मराठी माणसाने लावला' असे संदेश दर काही महिन्यांनी फिरत असतात. प्लुटोचे वस्तुमान इतके क्षुल्लक आहे, की इतर ग्रहगोलांच्या गतींवरून त्याचा माग काढणे शक्यच नव्हते. आकडे जवळ आले हा योगायोग. केतकरांची थोरवी त्यांच्या पंचांगगणितात आहे, ती तिथे जाऊन पाहावी. अभिमानासाठी पुरावा वाकवला की दीक्षितांचा वारसा सांगण्याचा अधिकार आपण गमावतो.

असो. आता यानांविषयी. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम अवतरक चंद्राच्या दक्षिण भागात उतरला, तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. टाळ्या, घोषणा, पेढे, सारे झाले. आमचाही आवाज त्यांत होता. २०१९ च्या ७ सप्टेंबरची ती रात्र ज्यांनी जागून काढली त्यांना हा आनंद उधार आणावा लागत नाही. पण त्या क्षणी सभागृहाबाहेर, दक्षिणेला, दिवसाउजेडी, जवळजवळ अर्धा चंद्र आकाशात होता. यान सकाळ होत असलेल्या प्रदेशात उतरले होते आणि चंद्रावरची ती प्रकाश-अंधाराची सीमारेषा मैदानातून सरळ दिसत होती. पंचांग पाहाल तर चंद्र त्या दिवशी विशाखा नक्षत्रात होता. पाचशे माणसे पडद्यावरच्या आलेखाकडे पाहत होती. बाहेर येऊन वर पाहणारे आम्ही दोघे, एक शिपाई आणि त्याची मुलगी.

यावरून आम्ही मोहिमांच्या विरोधात आहोत असे कोणी समजू नये. भुकेल्या देशाला चंद्र कशाला, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. या मोहिमेचा खर्च ६१५ कोटी रुपये सांगितला गेला. आम्हांला हा प्रश्न ओळखीचा वाटतो, कारण 'मराठीत एम.ए. करून काय मिळते?' हा त्याचाच धाकटा भाऊ. दोन्ही प्रश्नांना उपयोगाची यादी वाचून उत्तर द्यायला गेले की आपण आधीच हरलेलो असतो. उपग्रहांचे उपयोग आहेत, ते चक्रीवादळाच्या सूचनेपासून मोबाइलपर्यंत सर्वांना ठाऊक आहेत. पण चंद्राच्या मातीत गंधक आहे हे कळल्याने कोणाचे पोट भरत नाही. कळले, एवढेच. ते एवढेच पुरेसे आहे असे म्हणण्याचे धैर्य साहित्याच्या लोकांनी तरी दाखवावे.

माणसांना वर धाडण्याविषयी आमचे मत थोडे थंड आहे. शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर अठरा दिवस राहून आले, तेव्हा मुले रोज स्थानक कधी दिसेल ते विचारत आणि एका रात्री ढगांच्या फटीतून तो सरकता ठिपका तीनचार मिनिटे दिसलाही. मुलांनी हात हलवले. आम्हीही हलवले, खोटे कशाला बोला. तरीही ते स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. नुसते अंतर मोजले तर मुंबईहून नागपूर त्याहून लांब आहे. आमचे मन गुंतते ते परत न येणाऱ्या यंत्रांत.

व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्याच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका आहे आणि तिच्यात ५५ भाषांतून अभिवादने आहेत. त्यांत मराठी आहे. संगीताच्या २७ तुकड्यांत शेवटून तिसरी आहे केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्या १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत वारल्या. या यानाबरोबर त्यांचा स्वर पृथ्वी सोडून अकराच दिवस झाले होते. मैफल भैरवीने संपते हे निवड करणाऱ्या अमेरिकन मंडळींच्या मनात कितपत होते कोण जाणे, पण रसिकाला त्या क्रमात काही वावगे वाटणार नाही. २०१२ च्या ऑगस्टात हे यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत गेले. २०२६ च्या नोव्हेंबरात त्याचे अंतर एक प्रकाशदिवस भरते, म्हणजे सुमारे २,५९० कोटी किलोमीटर. इथून हाक मारली तर पोचायला एक दिवस, उत्तर यायला दुसरा.

२०२३ च्या नोव्हेंबरात हे यान अर्थहीन बडबडू लागले. संदेश येत होते, पण त्यांतून काही वाचता येईना. शोधाअंती निघाले ते असे, की त्याच्या एका संगणकाच्या स्मृतीतली एक चकती निकामी झाली होती आणि तिच्यावरचा मजकूर नष्ट झाला होता. तो मजकूर पुन्हा जुळवून, तुकडे करून, स्मृतीत जिथे जिथे रिकामी जागा होती तिथे बसवायचा आणि इतरत्र जिथे जिथे त्याचा उल्लेख आहे ते सारे उल्लेख सुधारायचे. त्यासाठी अर्धशतकापूर्वीचे कागद धुंडाळावे लागले. प्रत्येक दुरुस्तीचा परिणाम कळायला पंचेचाळीस तास. २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा अर्थपूर्ण बोलले. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही आता हे उदाहरण देतो. पोथीचे पान हरवलेले, मूळ लेखनिक हयात नाही, पोथी आपल्या हातात नाही आणि ती सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने दूर जाते आहे. मुले पहिल्यांदाच पाठचिकित्सेच्या तासाला प्रश्न विचारतात.

हे यान दिसणे अर्थातच अशक्य. दिशा मात्र दाखवता येते. ते भुजंगधारी तारकासमूहात, त्याच्या माथ्यावरच्या ताऱ्यापासून फार दूर नाही अशा जागी आहे. जुलैत रात्री दहाच्या सुमारास ती जागा आपल्या जवळजवळ डोक्यावर येते आणि तेव्हा नेमका पाऊस. दसरा झाला की मात्र संध्याकाळी साडेसातला ती पश्चिमेला चांगली उंच असते. तिकडे बोट दाखवून आम्ही मोबाइलवर ती भैरवी लावतो. हा प्रकार थोडा नाटकी आहे, हे मान्य. पण भुजंगधारीचा माथा ओळखायला तिथले मंद तारे दिसावे लागतात आणि खरी अडचण तिथे आहे.

२०२२ साली आमच्या गावच्या एसटी स्टँडजवळ हायमास्ट दिवा उभा राहिला. पांढरा फक्क उजेड. तोवर आमच्या गच्चीवरून उन्हाळ्यातल्या अमावास्येला आकाशगंगेचा पट्टा दिसत असे. दिव्याच्या पहिल्या रात्रीपासून तो गेला, आजतागायत आलेला नाही. आम्ही अर्ज केला. दिवा काढा असे त्यात म्हटले नव्हते. त्याला वरून झाकण बसवा आणि उजेड जमिनीवर पाडा, असे म्हटले होते. झाडांच्या शेंड्यांना आणि ढगांच्या पोटांना उजेड देऊन कोणाचा फायदा? असे करता येते हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे खाली उजेड टाकणारे करून घेतले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. आमच्या अर्जावर 'योग्य कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा पडला. तो सादरच आहे.

या अर्जावर विद्यार्थ्यांच्या सह्या घ्याव्यात म्हणून आम्ही वर्गात विषय काढला. सत्तावीस सह्या झाल्या. द्वितीय वर्षातल्या एका मुलीने सही केली नाही. कारण विचारले तेव्हा ती उभी राहून म्हणाली, 'मॅडम, माझी आई दवाखान्यात आया आहे. शेवटच्या एसटीनं येते. दिवा यायच्या आधी मी रोज स्टँडवर घ्यायला जायचे, दोघी हातात हात धरून पळत घरी यायचो. आता ती एकटी येते.' वर्गात कोणी काही बोलले नाही. आम्ही तिला झाकणाची आकृती फळ्यावर काढून दाखवली. झाकण बसवले तर खालचा उजेड वाढतोच, कारण वर वाया जाणारा उजेड खाली येतो, हे तिला पटले. तरी सही तिने केली नाही. 'तुम्ही म्हणता तसं ते करतील कशावरून? अर्ज बघून नुसता बंदच केला तर?' कार्यालयांचा तिचा अनुभव आमच्यापेक्षा कमी वयाचा असला तरी कमी खोल नव्हता. अर्जात आम्ही मग एक वाक्य वाढवले, की झाकण बसेपर्यंत दिवा एक रात्रही बंद ठेवू नये. ते वाचल्यावर अठ्ठाविसावी सही झाली.

हा वाद सौंदर्यवादी विरुद्ध वास्तववादी अशा आपल्या ओळखीच्या खणात टाकून मोकळे होणे सोपे आहे. तसे आम्हांला करता येत नाही. आकाशगंगा गेली याचे दुःख आम्हांला खरोखरच आहे, ते शोभेचे नाही. दोन हजार वर्षे या भाषेतल्या माणसांना फुकट मिळालेली गोष्ट आमच्या हयातीत, आमच्या गच्चीवरून, एका रात्रीत गेली. आणि त्या रात्रीपासून एक बाई निर्धास्त घरी येते आहे. याच्या जोडीला आकाशातच आता हजारोंच्या संख्येने इंटरनेटचे उपग्रह फिरतात, सांजवेळी ताऱ्यांमधून ओळीने सरकतात. त्यांना झाकण कुठून घालणार?

सध्या आम्ही अकरा किलोमीटरवरच्या पठारावर जातो. एक टेम्पो ठरवलेला आहे, डिझेलचे पैसे मुले वर्गणीने काढतात. सतरंज्या, तांबड्या कागदाने झाकलेली बॅटरी, चहाची किटली आणि वही, एवढे सामान. तिथूनही पूर्वेला आमच्या गावाचा पांढरा फुगवटा दिसतो, पण पश्चिम अजून काळी आहे आणि भुजंगधारी पश्चिमेलाच असतो. दसऱ्यानंतरची अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, त्या रात्री घर सोडून कोणी येत नाही. म्हणून आम्ही तिच्या आधीचा शनिवार धरतो. यंदाच्या यादीत त्या मुलीने स्वतःचे आणि आईचे अशी दोन नावे लिहिली आहेत. टेम्पो रात्री साडेदहाला स्टँडवर सोडतो, तिथून घर दहा मिनिटांवर. तेवढे चालायला उजेड आहे, असे तिने आम्हांला मुद्दाम सांगितले.